डावीकडचा मागचा स्क्रू

रविवार, ४ जानेवारी १९८१

इतवारीतल्या धान्यवाल्याने दिलेली डायरी दरवर्षी कोरी राहते आणि शेवटी गोपिका तिच्या पानांत पापड गुंडाळते. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. कारणच तसं आहे. आज मी, शालिकराम, वय एक्केचाळीस, पाटबंधाऱ्याच्या कचेरीतला कारकून, मोटारसायकलचा मालक झालो.

गाडी आमच्या बदली झालेल्या साहेबांची. ते तिच्यावर काश्मीर पाहून आले. म्हणजे साधी फटफटी नाही, लांबच्या प्रवासाची आहे. समोर वारा अडवायला प्लास्टिकची भलीमोठी काच, दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाकणं, मागे सामानाच्या दोन प्लास्टिकच्या पेट्या. चावी देताना साहेब म्हणाले, "इंजिन पोलादी आहे, शालिकराम. बाकीच्यांवर लक्ष ठेवा." बाकीचे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

गाडी मागाच्या खोलीत ठेवली. तांडापेठेतल्या आमच्या घरात त्या खोलीत आधी दोन हातमाग होते, एक बाबांचा, एक माझा. सन सत्तरमध्ये मला नोकरीचं पत्र आलं आणि त्याच दिवशी मी जमिनीत रोवलेला माझा माग उकरून, सामानासकट विकून टाकला. बाबांना विचारलं नाही. ते उमरेडच्या बाजारातून आले तेव्हा अर्धी खोली रिकामी होती. तेव्हापासून बाबा, म्हणजे नत्थूजी, माझ्याशी बोलत नाहीत. अकरा वर्षं झाली. एकाच घरात राहतो, एकाच ओळीत जेवायला बसतो, पण जे सांगायचं ते गोपिकेच्या तोंडून, मी समोर बसलेला असलो तरी.

आज गाडी आत घेतली तेव्हा त्यांनी विणणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाले, "गोपिका, विचार त्याले, हे जनावर काय खाते?"

गोपिका माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "सांग, पेट्रोल."

"मामाजी, पेट्रोल म्हणते."

"मंग शेण देते का, ते विचार."

मंगळवार, ६ जानेवारी

गोपिकेला मागे बसवून संध्याकाळी तेलंगखेडीच्या तलावावर गेलो. जाताना काय आनंद! लोक वळून वळून पाहत होते. येताना कळलं की का पाहत होते.

घरी उतरल्यावर गोपिका उभीच राहिली, पदर दोन्ही हातांनी धरून. पदरात उजवीकडचं झाकण, चार स्क्रू, एक रबर, आरशाची दांडी आणि मागच्या पेटीची कडी. म्हणाली, "लग्नात नाही भरली येवढी ओटी तुमच्या गाडीनं भरली जी."

मग कामाचं बोलली. महाशिवरात्रीला पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ वाहायचा आहे, नवसाचा. सहा वर्षं राहून गेला आहे. मोहल्ल्याची मोटार दोन मार्चला निघते आहे, कुसुमावतीने हिची जागा धरून ठेवली आहे. मी म्हटलं, "मोटारीत कोंबून काहून जाशील? आपल्या गाडीवर जाऊ ना वं!"

ती म्हणाली, "आधी माह्या माहेरी कुहीले जाऊन या. जाऊन आन् येऊन, एकबी पुर्जा पडला नाही पाह्यजे. तवा मी तुमच्या मागं बसीन. नाही तं मी कुसुमावतीसंग चालली."

नवस कोणाचा, हे विचारलं तर म्हणाली, "हाय एकाचा." तिच्या भावाच्या, मनोहररावांच्या विहिरीला पाणी लागावं म्हणून असणार. ही भारी नवसाळू. पंच्याहत्तर साली मला टायफॉइड झाला तेव्हापासून तर जास्तच.

पण बोलणं मनाला लागलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, नीला लग्न होऊन सासरी गेली, आणि मी हिला रामटेकच्या पुढे कुठे नेलं नाही. घरातलं एक माणूस माझ्याशी बोलत नाही. दुसरं मला सोडून देवाला निघालं तर मोहल्ल्यात तोंड काय दाखवू? शिवरात्र चार मार्चला आहे. दोन महिने हातात आहेत.

रविवार, ११ जानेवारी

गोळीबार चौकात बाबूलाल मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने चालू करून पाहिली, बंद केली, कान कोरला आणि म्हणाला, "शालिकभाऊ, ये गाडी नहीं, बरात है. एक-एक बराती रस्ते में उतरता जाता है." म्हणे मोठ्या इंजिनाचा थरकाप असतोच, स्क्रू ढिले होणारच. त्याने सगळ्या स्क्रूंखाली स्प्रिंगचे वायसर टाकले आणि वर सांगितलं की प्लास्टिकला जोर लावू नका.

मी घरी येऊन जोर लावला. ढिला होतो तर आवळायचा, एवढं साधं गणित आहे! डावीकडच्या झाकणाच्या मागच्या स्क्रूला तर मी पेचकस लावून तो पक्कडीने असा पिळला की स्क्रूचं डोकंच गुळगुळीत झालं. आता तो ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडणार नाही. शेवटी कट् असा आवाज आला. थंडीत प्लास्टिक बोलतं, त्याचं काही नाही.

बाबा मागावरून पाहत होते. म्हणाले, "गोपिका, त्याले सांग, जास्त ताणलं का तुटते. धागा असो का मानूस."

मी म्हटलं, "त्यांना सांग, लोखंडाला सुताचे कायदे लागत नाहीत."

गोपिकेने हे पुढे पोचवलं नाही. ती असं कधीकधी करते.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. बाबांनी तिळगूळ गोपिकेच्या हाताने दिला. गोडही नाही, कडूही नाही, नुसता तिळगूळ.

रविवार, १८ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण असा अपमान विसरता कामा नये.

कुहीला निघायचं म्हणून सकाळी गाडी पुसायला गेलो तर प्रत्येक स्क्रूपाशी लाल दोरा! गुंडाळलेला, वर बारीक गाठ. हाताला चिकट लागला, वास पेजेसारखा. झाकणांच्या खाली जुन्या गोधडीचे गोल गोल तुकडे सरकवलेले. मी ओरडलो, "गोपिके, उंदीर झाले वं घरात!"

ती चुलीपासून म्हणाली, "असन जी."

"पण उंदीर गाठी मारते का?"

"आजकालचे उंदीर."

तरी सगळे दोरे ब्लेडने कापले. सतरा जागी होते. गोधडीचे तुकडेही काढून फेकले, कारण उंदीर तिथे घर करतात. एक सांगतो, गाठी पक्क्या होत्या. बोटांनी एक सुटली नाही. फक्त डावीकडच्या मागच्या स्क्रूपाशी दोरा नव्हता. तिथे उंदराचंही काही चाललं नसेल.

मग निघालो. दिघोरी सोडलं आणि आरसा गेला. पाचगावच्या अलीकडे उजवं झाकण. पुढे समोरची काच स्क्रू सोडून हळूहळू मागे झुकली आणि माझ्या तोंडावर येऊन बसली. दोन मैल मी काचेतून जग पाहत गेलो. मनोहरराव बांधावर उभे होते. म्हणाले, "काय पाव्हणे, नवरदेवासारखे मुंडावळ्या बांधून आले?" त्यांच्या शेतावरचे गडी भाताचे भारे टाकून हसत होते.

येताना हरवलेलं शोधत आलो. मागच्या लाल दिव्याचं झाकण रस्त्याकडेला राहणाऱ्या पंचफुलाबाईंकडे निघालं. त्यांनी त्यात हळद-कुंकू भरून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. म्हणाल्या, "तुमचं हाय का? मले वाटलं देवानंच टाकलं." देवाकडून मागून घेताना मला फार लाज वाटली. पेटीचं एक झाकण तर सापडलंच नाही.

एकूण पाच पुर्जे पडले. परीक्षेत साफ नापास.

जेवताना बाबांनी गोपिकेला विचारलं, "त्याले विचार, लाल दोरे कोनं कापले?"

"सांग, मी. उंदरांनी बांधले होते."

बाबा घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "उंदीर शाना हाय म्हणा." आणि हसले. अकरा वर्षांत माझ्यावरून ते पहिल्यांदा हसले, तेही उंदराच्या बाजूने.

बुधवार, २१ जानेवारी

कचेरीत केशवने युक्ती सांगितली. त्याचा मेहुणा रेडिओ दुरुस्त करतो. तो म्हणे स्क्रूच्या डोक्यावर नखाला लावायची पॉलिश सोडतो, वाळली की स्क्रू हलत नाही. झकास! साधी, शास्त्रीय गोष्ट.

सुटल्यावर सीताबर्डीला गेलो. जन्मात कधी अशा दुकानात शिरलो नव्हतो. दुकानदाराने विचारलं, "भाभीजींचा रंग कसा आहे? गोरा की सावळा?"

मी म्हटलं, "काळा. काही जागी चंदेरी."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, सगळ्यांना गुलाबी चालतो. कमी पडू नये म्हणून बारा बाटल्या घेतल्या. वळतो तर मागे कुसुमावती, दोऱ्याची रिळं घेत उभी. "काय जी शालिकभाऊ," एवढंच म्हणाली.

शनिवार, २४ जानेवारी

झालं! सगळ्या तांडापेठेत झालं. शालिकराम एक्केचाळिसाव्या वर्षी बर्डीवर बारा बाटल्या नखपॉलिश घेताना सापडला आणि त्याच्या बायकोच्या नखांना तर शेणाशिवाय काही लागत नाही. मग बाटल्या कोणासाठी? पानठेल्यावर माझ्याकडे आदराने पाहू लागलेत, हे त्याहून वाईट.

मी घाबरत घाबरत गोपिकेला खरं सांगितलं. ती आधी भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत राहिली. मला वाटलं रडते. रडत नव्हती. आज तिने हळदीकुंकू ठेवलं आणि आलेल्या प्रत्येकीला वाण म्हणून एक-एक गुलाबी बाटली दिली. पहिली कुसुमावतीला. म्हणाली, "घ्या वं बाई, आमच्या ह्यायनं खास बर्डीवरून आनल्या, तुम्ही पाह्यलंच असन." कुसुमावतीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं म्हणतात.

बायको असावी तर अशी. दोन बाटल्या माझ्यासाठी उरल्या.

मंगळवार, २७ जानेवारी

गाडीला कोट दिला. सगळ्या स्क्रूंची डोकी गुलाबी. बाबूलाल म्हणतो, "अब तो दुल्हन बन गयी."

बाबा हल्ली पहाटेच मागाच्या खोलीत जातात. पण मागाची खटखट काही ऐकू येत नाही. नुसता खोकला आणि मधूनच लोखंड वाजल्यासारखं. म्हातारपण. बसून राहत असतील बिचारे.

रविवार, १ फेब्रुवारी

पास! पास! पास!

कुहीला जाऊन आलो आणि एक, अहो एकही पुर्जा पडला नाही. पाचगावच्या खड्ड्यांतून मुद्दाम गाडी घातली. काच जागची हलली नाही. पंचफुलाबाई दारात थांबून पाहत होत्या, काही पडतं का. त्यांची निराशा झाली. मनोहररावांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, स्क्रूवर नख लावून पाहिलं आणि चहा पाजला.

घरी येऊन गोपिकेला म्हटलं, "पाह्यलं? शास्त्र!" तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "मले मालूमच होतं." नवऱ्यावर एवढा विश्वास असलेली बाई विरळा.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बाबांच्या डाव्या अंगठ्याला गुलाबी डाग आहे. बाबा डावखुरे, सगळं डाव्या हाताने. मी विचारलं असतं, पण आमचं बोलणं नाही. गोपिकेला विचारलं तर म्हणाली, सुताचा रंग असन. आणि दुसरी बाटली अर्धी रिकामी आहे. मी एवढी वापरली नव्हती. उडून जाते वाटतं हवेत.

सोमवार, १६ फेब्रुवारी

केशवच्या स्कूटरला मी स्वतः आठ दिवसांपूर्वी तसाच कोट दिला होता. आज त्याचं समोरचं मडगार्ड कचेरीच्या फाटकात पडलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "शालिकभाऊ, तुमचं शास्त्र फक्त तुमच्या गाडीलेच लागते का गा?"

तोच रंग, तीच बाटली, हातही माझाच. पुष्कळ विचार केल्यावर कळलं की त्याने कोट नीट वाळू दिला नसणार.

सोमवार, २ मार्च

मोहल्ल्याची मोटार सकाळी गेली. कुसुमावतीने खिडकीतून हात हलवला, नखं गुलाबी. गोपिका गेली नाही. ती उद्या माझ्या मागे बसणार आहे.

त्रिशूळ लाल कापडात गुंडाळून गाडीला आडवा बांधला. बांधताना माझी बोटं अडखळली तेव्हा जुनी गोष्ट आठवली. सूत तुटलं की दोन टोकं जोडायची बारीक गाठ असते, ती आमच्यात पोराला बोलण्याच्या आधी येते म्हणतात. मी ती बाबांच्या समोर बसून शिकलो. ते डावखुरे, मी समोर, म्हणून माझी गाठ कायम उलटी पडायची. "उलटी मारली, उलटी मारली," म्हणून माझ्या डोक्यात टपली मारायचे. पण सोडवत नसत. उलटीवरच पुढे विणायचे.

आता ही कशाला आठवण?

संध्याकाळी बाबा गाडीच्या हत्यारांच्या डब्यात काहीतरी खुडबुड करत होते. मी गेलो तर उठून मागावर जाऊन बसले.

मंगळवार, ३ मार्च, पचमढी

धर्मशाळेच्या ओट्यावर बसून लिहितो आहे.

पहाटे नागपूरहून निघालो, सावनेरवरून पुढे. सौंसर, छिंदवाडा, सगळं मजेत. गोपिका मागून हरेक गोष्ट दाखवत होती. "अजी, मोर! अजी, बोगदा!" बावीस वर्षांत इतकी बोलली नसेल. तामियाचा घाट लागला आणि डावीकडून फट्-फट्-फट् सुरू झालं. थांबलो. डावं झाकण एका अंगाने लोंबत होतं आणि गोपिकेच्या पोटरीवर बडवत होतं. मागचा स्क्रू गायब. माझा स्क्रू! ब्रह्मदेवाच्या बापालाही न उघडणारा. मी आवळला तिथे प्लास्टिकला चीर गेली होती आणि चिरेतून तो आरामात निघून गेला होता. म्हणजे जानेवारीत कट् झालं ते थंडीने नव्हतं.

विचार केला की उजवीकडचा एक स्क्रू काढून इकडे लावावा. त्याच्यावरचा गुलाबी रंग खरवडला, पेचकस लावला. आवळलेला नव्हताच, नुसता बसलेला होता, पण एकेक फेरा चिवटपणे निघाला. बाहेर आला तर त्याच्या आट्यांत लाल दोरा. खळ लावून, आटीत आटी बसवून, बाहेर एक तुसही न ठेवता गुंडाळलेला. झाकणाखाली गोधडीचा गोल तुकडा.

मी गोपिकेकडे पाहिलं. ती दरीकडे पाहत होती.

"उंदीर?" मी विचारलं.

"म्या सांगतलं मामाजीले, का टोकं बाहेर ठेवू नका, ते कापून टाकते," ती म्हणाली. "वरून पुन्हा रंग लावाले मीच बाटली देल्ली. पंधरा दिवस रोज पहाटे बसत होते. एकच स्क्रू निघाला नाही त्याह्यच्यानं. त्याचं डोकं तुमी खाल्लं होतं."

मी तो स्क्रू होता तसा पुन्हा बसवला. त्याला इकडे आणायची हिंमत झाली नाही. मग हत्यारांचा डबा उघडला, बांधायला काही मिळतं का म्हणून. वरच एक कांडी होती, सूत गुंडाळायची, खळीच्या लाल दोऱ्याने भरलेली. तिच्या बुडाला खिळ्याने कोरलेलं "शा". ते मी कोरलं होतं, आठ वर्षांचा असताना. माग विकला तेव्हा मला वाटलं होतं की सगळंच गेलं. बाबांनी एक ठेवून घेतली होती.

झाकणाच्या भोकातून दोरा गाडीच्या सांगाड्याच्या नळीला चारदा फिरवला आणि गाठ मारली. मी मारली असं म्हणता येत नाही. बोटांनी मारली. अकरा वर्षांत सुताला हात लावला नव्हता, कारकुनाच्या बोटांना शाई तेवढी ठाऊक, आणि गाठ अशी बसली की झाकण हलेना. मग मी प्लग तपासतो असं सांगून गाडीच्या पलीकडे बसलो आणि रडलो. खोटं कशाला लिहू? चांगला हुंदके देऊन रडलो. गोपिकेने बराच वेळ प्लग तपासू दिला.

बुधवार, ४ मार्च, महाशिवरात्र

चौरागड चढलो. पायऱ्या संपता संपत नाहीत, सगळीकडे त्रिशूळच त्रिशूळ आणि हर हर महादेव. त्रिशूळ मी खांद्यावर घेतला होता. वर पोचल्यावर गोपिका म्हणाली, "तुमीच वाहा. तुमचाच हाय."

"मनोहररावांच्या विहिरीचा ना?"

तिने कपाळाला हात लावला. "कोनती विहीर जी? हा मामाजीचा नवस हाय. टायफाईडमधी तुमी चार दिवस कोनाले वळखत नव्हते. ते ओसरीत बसून बोल्ले, पोरगा उठू दे, त्याले घेऊन येतो आन् त्याच्याच हातानं तिरशूल वाहतो."

"मग सहा वर्षं काहून नाही वाहिला?"

"तुमाले घेऊन याचं होतं ना. बोलत नाही तं विचारन कसे?"

"तुझ्या तोंडून विचारायचं. शेणाचं विचारता येते, हे नाही?"

"म्या म्हटलं तसं. तं म्हणाले, हे दुसऱ्याच्या तोंडानं सांगाची गोष्ट नोहे, बाई. मंग गुडघे गेले, चढनं होत नाही. तवा म्हणाले, तू घेऊन जा त्याले कसंबी. आन् तुमी गाडी आनली."

मी त्रिशूळ वाहिला. देवाकडे काही मागितलं नाही. काय मागू? सहा वर्षांपूर्वीच मिळालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

शुक्रवार, ६ मार्च, नागपूर

दुपारी घरी पोचलो. गाडी मागाच्या खोलीत लावली. बाबा विणत होते. विणणं थांबवलं, उतरले, गुडघ्यावर हात ठेवत गाडीपाशी आले. समोरच्या काचेपासून सुरुवात केली. एकेका स्क्रूवर डावा अंगठा दाबत उजवी बाजू संपवून मागून डावीकडे आले. मी रस्ताभर जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो.

ते म्हणाले, "गोपिका, विचार त्याले, किती पडले?"

ती माझ्याकडे वळायच्या आत मी म्हटलं, "एक पडला, बाबा. डावीकडचा मागचा. मी आवळला होता तो."

ते खाली बसले. झाकण हलवून पाहिलं, हललं नाही. मग लाल दोऱ्यावरून बोट फिरवत फिरवत गाठीवर आणून ठेवलं. तिथेच ठेवून बसले. मला वाटलं गुडघे धरले.

"उलटीच मारली," ते म्हणाले.

गोपिका बिचारी सवयीने माझ्याकडे वळली. "मामाजी म्हणते, का उलटीच..."

"तू थांब वं बाई," बाबा म्हणाले. "मी त्याच्यासंग बोलून राहिलो."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सकाळी ये. सुलटी दाखवतो."

गोपिकेने दूध ऊतू घालवलं आणि दोष मला दिला. गजर पाचचा लावला आहे.